प्रीनपला खर्च किती येतो? स्टॅम्प पाचशेचा, बाकीचे पैसे कशाचे ते सांगते

प्रश्न थोडक्यात असा आलाय: वय ३१, नोकरी ऐरोलीला, घोडबंदर रोडला स्वतःच्या एकटीच्या नावावर वन बीएचके, त्याचं लोन चालू, डाउन पेमेंटमधले ९ लाख आईबाबांनी घातलेले, लग्न तीन महिन्यांवर. कोर्ट नाक्यावर एकाने ६ हजारात प्रीनप (कोणाची मालमत्ता आणि कर्ज काय, हे लग्नाआधी लिहून ठेवायचा करार) करून देतो म्हणून सांगितलं, मुंबईतल्या एका मोठ्या ऑफिसने सव्वा लाख सांगितले. एवढा फरक कसा, खरा खर्च किती, करावं का, आणि होणाऱ्या नवऱ्याकडे विषय काढायचा कसा.

मी ठाण्यात १९ वर्षं प्रॅक्टिस करते, बहुतेक फॅमिली मॅटर्स. प्रीनपसाठी वर्षाला पाच-सहा जोडपी येतात, आधी एखादंच यायचं. म्हणजे हे माझं रोजचं काम नाही, रोजचं काम म्हणजे लग्न मोडल्यावरची भांडणं, पण त्याच्यामुळेच यातलं काय कोर्टात टिकतं आणि काय पहिल्याच तारखेला पडतं ते बघितलेलं आहे.

आधी आकडे. स्टॅम्प ५०० चा. ऑक्टोबर २०२४ पर्यंत असल्या करारनाम्याला १०० चा चालायचा, आता महाराष्ट्रात कमीत कमी ५००, आणि अजूनही कोणी "शंभरचाच घ्या मॅडम, चालतो" म्हणत असेल तर ऐकू नका, सही होईल, नोटरीचा शिक्का पण पडेल, पण ज्या दिवशी तो कागद कोर्टात दाखवायची वेळ येईल त्या दिवशी कमी भरलेली ड्युटी आणि वर दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेणार नाहीत. स्टॅम्प विकत घेतल्यापासून ६ महिन्यांच्या आत वापरायचा असतो, त्यामुळे घरात जुना पडला होता तोच वापरला असंही करू नका. नोटरीचे हजाराच्या आतबाहेर. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, जोपर्यंत त्या कागदाने जागेचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही तोपर्यंत. झेरॉक्स, दोन साक्षीदार, त्यांचा चहा. कागदाचा खर्च दोन हजारात संपला.

उरलेले सगळे पैसे वकिलाचे. माझ्याकडे साधं प्रकरण असेल, दोघं पगारदार, एखादं घर, लोन, थोडे म्युच्युअल फंड, तर २५ हजारांच्या आसपास. धंदा असेल, भावाबरोबर पार्टनरशिप असेल, गावाकडे सामाईक जमीन असेल तर ४०-५० पर्यंत जातं, कारण सातबारा आणि फेरफार वाचण्यातच दोन दिवस जातात (आणि पार्टनरशिप डीड तर निम्म्या लोकांना सापडतच नाही, सीएकडे असेल म्हणतात, सीए म्हणतो तुमच्याकडेच दिली होती). त्याशिवाय दुसऱ्या बाजूचा स्वतंत्र वकील हवा, तो कागद वाचून त्याच्या अशिलाला समजावणार, दोन-चार बदल सुचवणार, त्याचे १०-१५ हजार. म्हणजे दोघांचं मिळून ३५-४० हजारात नीट काम होतं. सव्वा लाखवाले लुबाडतायत असं मी म्हणणार नाही, तिथे तासावर बिल लागतं, तीन जण तो ड्राफ्ट बघतात, ऑफिसचं भाडं पण त्यातच असतं. तुमच्या केसला ते लागत नाही एवढंच.

बिलाच्या बाबतीत दोन गोष्टी बघा. वकील एकटा प्रॅक्टिस करणारा असो की वकिलांची फर्म, घरगुती कामासाठी आलेल्या साध्या माणसाला वकिलाच्या फीवर जीएसटी लागत नाही, बिलात १८ टक्के लावलेले दिसले तर विचारा कशाचे. आणि प्रॉपर्टीच्या किंमतीवर टक्केवारी मागत असेल तर उठून या. वादातल्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानेच बंदी आहे, आणि इथे तर अजून वाद पण नाही.

सहा हजारवाल्याचं काय होतं ते सांगते. कोपरखैरणेच्या एका जोडप्याने असाच घेतला होता, मी वाचला तेव्हा लग्न मोडलेलं होतं. ३८ पानं. अमेरिकेतल्या कुठल्यातरी नमुन्यावरून उचललेला, नावं बदललेली, पण एका पानावर "या राज्याच्या सुपीरियर कोर्टात" असं तसंच राहिलेलं, आणि दोघांच्या मालमत्तेची यादी जोडलेली म्हणून लिहिलंय ती यादीच नाही, दोन कोरी पानं स्टेपल केलेली! सह्यांची तारीख हळदीच्या आदल्या दिवसाची. नवऱ्याच्या वकिलाला काही करावंच लागलं नाही, हळद तोंडावर, पाहुणे आलेले, मुलाला वाचायला वेळ दिला नाही, त्याचा वकील नव्हता, दडपणाखाली सही केली म्हणाला आणि त्यात खोटंही काही नव्हतं. म्हणून वेगळा वकील आणि वेळ ह्या दोन गोष्टींवर मी हटून बसते. लग्नाच्या निदान महिनाभर आधी सह्या झालेल्या असाव्यात, तुमच्याकडे तीन महिने आहेत, पुरेसे आहेत, पण पत्रिका छापून आल्यावर बघू म्हणालात तर नाहीत.

आता कायद्याचं, जे फी सांगायच्या आधी वकिलाने सांगायला पाहिजे. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये प्रीनप हा शब्द नाही, तशी सोय नाही. आपल्याकडे असा कागद साध्या कराराच्या कायद्याखाली, म्हणजे १८७२ च्या कायद्याखाली तपासला जातो, आणि त्याचं कलम २३ सांगतं की सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार चालणार नाही. हे आजचं नाही, १९०१ साली कलकत्ता हायकोर्टासमोर एक केस होती, नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिलेलं की मी सासूच्या घरी राहीन आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे वागीन, सरळ घरजावयाचा करारनामा, आणि कोर्टाने तो मानला नाही. सव्वाशे वर्षं झाली तरी रोख तोच आहे, नवरा-बायकोने कसं राहायचं, कधी वेगळं व्हायचं, वेगळं झाल्यावर पोटगी मागायची नाही, असली कलमं कोर्ट धरून चालत नाही. पोटगीचा हक्क आधी लिहून सोडून देता येत नाही, पाच हजार घालवा नाहीतर पाच लाख. मग पोटगीवर सहा पानं लिहिलेल्या ड्राफ्टचे पैसे तुम्ही का द्यायचे.

"सून सासऱ्यांच्या घरात राहायचा हक्क सांगणार नाही" असं मुलाकडचे घालायला सांगतात, अगदी वाशी-नेरूळचे शिकलेले लोक पण, ते पण काढून टाका. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की घर सासरच्यांच्या नावावर असलं तरी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली ते सामाईक घर ठरू शकतं, तिथला हक्क कागदावर खोडून जात नाही. आणि उलट बाजूने, "मुलीकडचे अमुक देतील" हे एक वाक्य जरी आलं तरी तो १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याखाली गुन्ह्याचा पुरावा आहे. आपल्याकडे बैठकीत यादी करायची पद्धत आहेच, मानपान कोणाचा, हॉल कोणाचा, सोनं किती, ते सगळं प्रीनपमध्ये टाईप करून आणतात लोक, एकांनी तर वरमाईची पैठणी पण लिहून आणली होती.

आता मूळ भीती. तुमच्या प्रश्नाच्या पाठीमागे असं आहे की घटस्फोट झाला तर अर्धा फ्लॅट जाईल. जात नाही. सिनेमात दिसतं ते परदेशातलं. आपल्याकडे लग्न झालं म्हणून एकाच्या मालमत्तेत दुसऱ्याला आपोआप अर्धा हिस्सा मिळत नाही, ज्याच्या नावावर, ज्याच्या पैशाने, त्याचं. अपवाद गोव्याचा, तिथे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड अजून लागू आहे, लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि नको असेल तर लग्नाआधीच तसा करार करावा लागतो, तिथे प्रीनपला खरा अर्थ आहे. मुलगा मूळ गोव्याचा असेल, त्याचं अधिवास गोव्याचं असेल तर मला वेगळं विचारा, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही म्हटलंय की गोव्याच्या माणसाच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही तोच कायदा लागतो. नसेल तर तुमचा फ्लॅट लग्नाच्या दिवशी तुमचा आणि दुसऱ्या दिवशी पण तुमचाच. हां, पोटगी मात्र नवरासुद्धा मागू शकतो, हिंदू विवाह कायद्याच्या २४ आणि २५ कलमात नुसती बायको नाही, बायको किंवा नवरा असं आहे, आणि तिथे तुमचा पगार आणि मालमत्ता दोन्ही बघितलं जातं.

मग धोका कुठे आहे, तर सरमिसळीत. लग्नानंतर दोन वर्षांनी टू बीएचके घ्यायचा विचार येतो, बँकेतला माणूस म्हणतो मिस्टरांना घ्या, एलिजिबिलिटी वाढेल, आणि घाईत नाव ॲग्रीमेंटमध्ये पण येतं. को-बॉरोअर (सहकर्जदार) व्हायला को-ओनर (सहमालक) व्हावं लागत नाही, हे बँक स्वतःहून सांगत नाही. दुसरं म्हणजे ईएमआय तुमच्या खात्यातून जातो पण घरखर्च सगळा त्याचा, मग पाच वर्षांनी तो म्हणतो मी घर चालवलं म्हणून तू हप्ते भरू शकलीस, आणि ते खोटं नसतं. आणि तिसरं ते आईबाबांचे ९ लाख. ते बक्षीस होतं की उसने, हे आज तुमच्या घरात तरी ठरलंय का? माझ्यासमोर एक बाई होती, तिचे वडील म्हणाले उसने, ती म्हणाली गिफ्ट, आणि समोरचा वकील नुसता हसत बसला. बँकेतून बँकेत गेले असतील तर स्टेटमेंट काढून ठेवा, आणि एका पानावर आईबाबांची सही घेऊन लिहून ठेवा काय ते. याला वकील लागला तरी दोन हजाराचं काम आहे.

आता जी गोष्ट तुम्ही विचारलीच नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. घटस्फोट नाही, मृत्यू. लग्नानंतर, मूल व्हायच्या आधी तुम्हाला काही झालं (वाईट वाटतं लिहायला, पण घोडबंदर रोडने रोज जाता तुम्ही) आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमचा स्वकष्टाचा फ्लॅट सगळा नवऱ्याला जातो, आणि नवराही हयात नसेल तर नवऱ्याच्या वारसांना, म्हणजे सासू-दीर यांना, आणि त्यांच्यापैकी कोणीच नसेल तर मग तुमच्या आईवडिलांचा नंबर. ज्यांनी ९ लाख घातले त्यांचा! २००९ ची सुप्रीम कोर्टाची केस आहे, लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी हाकलून दिलं, माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी करून पैसे साठवले, मृत्युपत्र न करता गेली, आणि तो सगळा पैसा सासरच्यांना मिळाला, आईला नाही. कोर्टाने म्हटलं सहानुभूती वेगळी, कायदा वेगळा. प्रीनपने हे फिरत नाही. मृत्युपत्राने फिरतं, आणि मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी शून्य. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, ज्यांना मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, मी ड्राफ्टचे ५-७ हजार घेते आणि रजिस्टर करून टाका असंच सांगते. हिंदूंचं मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही, त्यामुळे आत्ता केलं तरी चालतं. ख्रिश्चन आणि पारशी लोकांचं लग्नाने रद्द होतं, त्यांनी लग्नानंतर करायचं. आणि सोसायटीत आईचं नाव नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने भरायला लागतं ते पण लक्षात ठेवा.

आता एवढं सगळं ऐकून प्रीनप करायचाच असेल, तर कराच, मी नको म्हणत नाही. पाच-सहा पानांचा करा. लग्नाच्या तारखेला कोणाकडे काय आहे आणि कोणावर काय कर्ज आहे त्याची खरी यादी, खाते क्रमांकासकट. तुमचं लोन तुमचं, त्याचं एज्युकेशन लोन त्याचं. घरखर्च कसा वाटायचा, फ्लॅटच्या हप्त्यात त्याने कधी पैसे घातले तर ते काय समजायचं. पुढे जॉइंट घर घेतलं तर हिस्सा भरलेल्या पैशाप्रमाणे. एवढं लिहिलेलं कोर्टाला बंधनकारक आहे अशी गॅरंटी कोणी वकील देऊ शकत नाही, देत असेल तर तो वकील बदला, पण दोघांनी शुद्धीत, वेळ घेऊन केलेली मालमत्तेची कबुली म्हणून ती पुराव्याला उपयोगी पडते. २०२० पासून तसंही पोटगीच्या केसमध्ये दोघांना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं, तेव्हा लोक काय काय लपवतात ते बघितलं की लग्नाच्या तारखेची सही केलेली यादी किती कामाची ते कळतं.

एक वाक्य मात्र चुकूनही नको, "लग्नाच्या मोबदल्यात फ्लॅट तिला किंवा त्याला दिला". लग्नाच्या मोबदल्यात मालमत्ता देणं म्हणजे स्टॅम्प कायद्यात सेटलमेंट, मग ५०० रुपयांचा कागद राहत नाही, फ्लॅटच्या बाजारभावावर ड्युटी लागते, लाखांत जाते, आणि रजिस्ट्रेशनही सक्तीचं होतं. द्यायचंच असेल तर लग्न होऊ दे, नवरा-बायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मूळ स्टॅम्प ड्युटी २०० रुपये आहे.

दागिन्यांचं प्रीनपमध्ये घालू नका, त्याला वेगळी सोय आहे आणि ती फुकट आहे. १९८५ चे नियम आहेत, लग्नात मुलीला आणि मुलाला आलेल्या भेटींची यादी करायची, वस्तू, अंदाजे किंमत, कोणी दिली, त्याचं नातं काय, आणि दोघांनी सही करायची. हजारात एक जण करतो. आणि मग स्त्रीधनाच्या केसमध्ये आम्ही लग्नाच्या अल्बममधून पाटल्या आणि तोडे मोजत बसतो, मावशीच्या गळ्यातला हार पण मोजला जातो त्यात. सोनाराच्या पावत्यांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

मुलगा परदेशात असेल तर मी वर लिहिलेला हिशोब विसरा. नेरूळची एक मुलगी कॅलिफोर्नियातल्या मुलाशी लग्न करत होती, तिकडच्या वकिलाचा आकडा डॉलरमध्ये ऐकून माझ्याकडे आली की इथे स्वस्तात करून द्या. तिथे शेवटचा मसुदा हातात पडल्यापासून सहीपर्यंत सात दिवस जाऊ द्यावे लागतात, स्वतंत्र वकिलाचा नियम आहे, आणि तिथे कोर्ट तो करार खरोखर राबवतं, तिथला कागद तिथल्याच वकिलाने करायचा. तिचे पैसे वाचवायला गेले असते तर तिचंच नुकसान झालं असतं. मी तिला फक्त तो वाचून मराठीत समजावला, तीन हजार घेतले.

३५-४० हजार जड वाटत असतील तर क्रम असा लावा, आधी मृत्युपत्र, मग आईबाबांच्या पैशाचं पान, मग भेटींची यादी, हे दहा हजारात होतं आणि निम्म्याहून जास्त काळजी इथेच मिटते. प्रीनप नंतर. तेवढेही नसतील तर ठाणे कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो, मोठमोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्या मुलींना पण हे माहीत नसतं.

राहिलं विषय कसा काढायचा ते. माझ्याकडे आलेल्या जोडप्यांत ज्यांचं बिनसलं त्यांच्यात बहुतेकदा एकाने तयार ड्राफ्ट समोर ठेवला होता, व्हॉट्सॲपवर पीडीएफ, खाली "बघून सांग". तसं करू नका. आधी तुमचं लोन किती बाकी आहे ते त्याला सांगा, स्टेटमेंट दाखवा, ९ लाखांचं सांगा, आणि मग त्याचं विचारा. हॉलचे पैसे कोणी किती द्यायचे हे बोलणं आता निघेलच, त्याच दिवशी काढा, आईबाबा दोन्हीकडचे समोर नसताना. आणि त्याचं क्रेडिट कार्डाचं देणं किती आहे ते त्याने सांगायला टाळाटाळ केली तर ड्राफ्ट करायला माझ्याकडे येऊ नका, तो आकडा कळेपर्यंत थांबा.